घाटातली सायकल शर्यत: वीस सायकलींपासून दहाव्या वर्षापर्यंत

साताऱ्यात बर्फ पडत नाही. वेण्णा तलावाकाठी पहाटे दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तेवढंच आपलं बर्फ. तरीही घाटात सायकलची शर्यत सुरू करायची म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी बर्फावरच्या एका स्पर्धेबद्दल सांगतो.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट बेकर नावाचा डोंगर आहे. बर्फाला तिथे तोटा नाही. १९९८-९९ च्या हंगामात तिथल्या स्की-केंद्रावर १,१४० इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. १९८५ मध्ये त्या डोंगरावर मूठभर मंडळींनी स्नोबोर्डची शर्यत घेतली. तेव्हा बहुतेक स्की-केंद्रं या फळीवाल्यांना दारातही उभं करत नव्हती. रीत साधी होती. डोंगरातल्या घळीत बर्फाची वळणं बांधायची, एकेकाने सुटायचं, घड्याळ लावायचं, सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो जिंकला. पहिल्या वर्षी टॉम सिम्स जिंकला. आज ही स्पर्धा ‘लेजेंडरी बँक्ड स्लॅलम’ म्हणून जगभर ओळखली जाते. तिथे ऑलिंपिकवाले आणि गावातली शाळकरी पोरं त्याच डोंगरावर, त्याच घड्याळाविरुद्ध उतरतात. विजेत्याला काय मिळतं? सोनेरी चिकटपट्टीचं रीळ.

त्याच काळातली दुसरी स्पर्धा बघा. १९८२ मध्ये अमेरिकेच्याच व्हरमाँट राज्यातल्या सुसाइड सिक्स नावाच्या टेकडीवर पॉल ग्रेव्ह्ज यांनी स्नोबोर्डची एक छोटी शर्यत घेतली. पुढे ती जेक बर्टन यांच्या स्नोबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने हातात घेतली, १९८५ मध्ये स्ट्रॅटन डोंगरावर नेली, तिची ‘यूएस ओपन’ झाली आणि २०१३ मध्ये ती कोलोरॅडोतल्या वेलला गेली. टीव्ही आला, रोख बक्षिसं आली. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये पोचलं त्यात अशा स्पर्धांचा मोठा वाटा आहे. वाढीचा तोही एक मार्ग आहे, पण त्यासाठी मागे कंपनी लागते आणि डोंगर बदलायची तयारी लागते. आपल्याकडे दोन्ही नाही. आपल्याकडे एक घाट आहे, एक मंडळ आहे आणि सकाळचे दोन तास. बेकरवाल्यांचं आपल्याला चालण्यासारखं आहे ते हे: जागा तीच, धाव एकेकट्याची, प्रवेश मोजके. माणसांचा आकडा वाढला म्हणजे स्पर्धा वाढली, हा समज आधी डोक्यातून काढा. घड्याळ, रस्ता आणि राबणारी माणसं जेवढं पेलतील तेवढंच दर वर्षी वाढवायचं. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

रस्ता चढाचाच घ्या

उताराची शर्यत नवख्या मंडळाने घेऊ नये. याला अपवाद नाही. चढावर सायकलवाला पडला तर गुडघा खरचटतो, उतारावर पडला तर थेट जिल्हा रुग्णालय. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे रस्ता पूर्ण बंद न करता एक बाजू सांभाळूनही काम भागतं. आणि एकेकट्याने सोडायचं असल्यामुळे घोळक्यात हँडलला हँडल लागून होणारे अपघात टळतात.

चढ चार ते आठ किलोमीटरचा असावा. त्याहून लहान असेल तर लोक म्हणतात एवढ्यासाठी पहाटे उठलो का, आणि त्याहून मोठा असेल तर सांभाळायची वळणं वाढतात. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट लगेच डोळ्यांसमोर येतो. पण हाच रस्ता कासला जातो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या फुलांच्या दिवसांत रविवारी तिथे शर्यतीचं नावही काढू नका. सज्जनगडाचा रस्ता चांगला आहे, मात्र माघ वद्य नवमीच्या, म्हणजे दासनवमीच्या आसपास तो भाविकांचा असतो. ठोसेघरकडून चाळकेवाडीच्या पठारावर जायचं असेल तर वाऱ्याचा विचार आधी करा. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. सकाळी सातला सुटलेल्याला शांत हवा आणि साडेआठला सुटलेल्याला समोरून वारा, असं झालं की निकालात अर्थ उरत नाही. शर्यत पठाराच्या अलीकडे, घाटाच्या आडोशात संपवा.

सांगलीकडे दंडोबाचा डोंगर आणि सागरेश्वरची बाजू सुचते. दोन्हीकडे वनखात्याचा संबंध येतो, तेव्हा परवानगीला जास्त दिवस धरा. कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर हिवाळ्यात शर्यत घ्यायचा मोह होतो, पण तोच ऊसतोडीचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यावर मोठ्याने गाणी आणि मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. त्या रस्त्यावर पोरांना उतरवायचं नाही.

रस्ता ठरवण्याआधी तो चार वेगवेगळ्या वेळी बघा: शर्यतीच्याच वाराला, शर्यतीच्याच वेळेला, दूधगाडी आणि पहिली एसटी जाते तेव्हा, आणि पाऊस पडून गेल्यावर. वळणावर वाळू साचते कुठे, शेण पडतं कुठे, कुत्री झोपतात कुठे, हे सगळं वहीत लिहा. ही वही पुढे दहा वर्षं कामाला येते.

तारीख

तारीख दर वर्षी तीच हवी: अमुक महिन्याचा दुसरा रविवार, असं. लोकांच्या तोंडी स्पर्धा बसते ती तारखेने. पहिली तारीख ठरवताना चार कॅलेंडरं समोर ठेवा.

एक यात्रांचं. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीचा खंडोबा, मांढरदेवी, शिखर शिंगणापूर. तुमच्या घाटाशी यांचा संबंध नसला तरी पोलिसांचा असतो. २००५ मध्ये मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर पौष पौर्णिमेचा बंदोबस्त जिल्ह्यात किती काटेकोर असतो हे वेगळं सांगायला नको. त्या आठवड्यात तुमच्या अर्जाला वेळ कुणाला असणार? दुसरं शाळेचं. दहावी-बारावीच्या परीक्षेत लाउडस्पीकर लावलात तर गाव पहिल्याच वर्षी विरोधात जाईल. तिसरं निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की फलक, पाहुणे, मंडप, सगळ्यांवर प्रश्न येतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, काही ना काही चालूच असतं, म्हणून तहसील कार्यालयात विचारून ठेवा. चौथं दुसऱ्या स्पर्धांचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून शहरात रुजली आहे. तिच्या मोसमात डॉक्टर, स्वयंसेवक, ध्वनिक्षेपकवाला, सगळे तिकडे असतात. त्यांच्याशी तारखेची टक्कर घेऊ नका. उलट त्या वर्षी एक दिवस तिथे स्वयंसेवक म्हणून उभे राहा, पुष्कळ शिकायला मिळेल.

माझी शिफारस डिसेंबरचा पूर्वार्ध. धुकं असतं, पण पाऊस नसतो आणि चढावर जीव घाबरा होईल असं ऊनही नसतं.

परवानग्या: आधी वरचं गाव, मग कार्यालयं

बहुतेक जण थेट पोलीस ठाण्यात जातात. मी म्हणेन आधी घाटमाथ्यावरच्या गावात जा. रस्ता सरकारी असला तरी सकाळी त्यावरून दूध, भाजी आणि दवाखान्याची माणसं त्या गावातून खाली येतात. सरपंचांना भेटा, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र घ्या, दूधगाडीची वेळ विचारा आणि तुमचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवा. गाडीवाल्या दादांचा नंबर घेऊन ठेवा. नाश्त्याचं काम गावातल्या महिला बचत गटाला द्या. पोहे, चहा, केळी एवढंच पुरे. पुढच्या वर्षी तोच बचत गट तुम्हाला विचारेल, यंदा कधी आहे हो शर्यत?

मग पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा. अर्जासोबत हाताने काढलेला का होईना, पण स्पष्ट नकाशा द्या: सुरुवात, शेवट, प्रत्येक वळणावरचा माणूस, रुग्णवाहिकेची जागा. अर्जात ‘रस्ता बंद करावा’ असं लिहू नका. ‘एक बाजू वापरणार, अत्यावश्यक वाहनांना तात्काळ वाट देणार’ असं लिहा. रस्त्याच्या कडेला कमान उभारायची किंवा डांबरावर रंगाने काही लिहायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारा. खरं तर पहिल्या वर्षी कमान नकोच, चुन्याची रेघ पुरते. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला पत्र देऊन ठेवा. आर्थिक मदत मिळेल म्हणून देऊ नका, पुढे शाळांची पोरं आणायची असतील तेव्हा ओळख कामी येते.

अर्जाची पोच घ्या. शिक्का मारलेली पोच असलेली फाइल जपा, कारण साहेब बदलतात आणि पुढच्या वर्षी ‘आधी असं कधी झालंय का?’ हा पहिला प्रश्न असतो.

पहिलं वर्ष: वीस-तीस जण

पहिल्या वर्षी बोलवायचे ते ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे. प्रवेश फी नाममात्र ठेवा, पण ठेवाच. फुकट नाव दिलेला माणूस थंडी पडली की गोधडीतून बाहेर येत नाही. अर्जात नाव, वय, रक्तगट आणि घरच्या माणसाचा नंबर हवा. अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची सही. हेल्मेट नसेल तर सायकल नाही, मग तो सरपंचांचा पुतण्या का असेना.

आता घड्याळ. सगळी स्पर्धा याच्यावर उभी आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

घाटात खाली सुटतात आणि वर पोचतात, त्यामुळे एकच स्टॉपवॉच दोन्हीकडे असू शकत नाही. फोनवर ‘सोडला रे!’ म्हणून ओरडायचं आणि वरच्याने बटण दाबायचं, हा प्रकार घाटात रेंज गेली की कोसळतो. त्यापेक्षा सोपी रीत आहे. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते. दोन्हीकडच्या फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ लावा, आदल्या दिवशी आणि सकाळी शेजारी शेजारी धरून जुळवून घ्या. मग सुटायची वेळ आणि पोचायची वेळ, दोन्ही घड्याळात वाजलेली वेळ म्हणूनच लिहायची आणि नंतर वजाबाकी करायची.

दर तीस सेकंदांनी एक जण सोडा आणि पहिला सात वाजून तीस सेकंदांनी सोडा. म्हणजे छातीवरचा क्रमांक भागिले दोन इतकी मिनिटं सातात मिळवली की सुटायची वेळ हाताशी. ४७ क्रमांकाचा माणूस ७ वाजून २३ मिनिटं ३० सेकंदांनी सुटतो. तो वर ७ वाजून ५१ मिनिटं १२ सेकंदांनी पोचला, तर त्याची वेळ २७ मिनिटं ४२ सेकंद. सुटायची वेळ लिहायचीसुद्धा गरज नाही, ती क्रमांकातच आहे. कुणी उशिरा आला तर त्याचं घड्याळ थांबत नाही, आलास तसा सूट. हा नियम क्रूर वाटतो, पण एकासाठी रांग थांबवलीत की मागच्या सगळ्यांचं गणित गेलं.

वरती रेघेवर तीन माणसं लागतात. एक जण फक्त क्रमांक आणि वेळ मोठ्याने बोलतो. दुसरा ते लिहितो. तिसरा थोडा बाजूला बसून स्वतःच्या फोनवर रेघेचा सलग व्हिडिओ घेतो, सुरुवातीला त्यात घड्याळाची वेळ एकदा दाखवून. या तिघांभोवती दोरीचा चौकोन करा आणि आत कुणालाही येऊ देऊ नका. हे ऐकायला अति वाटतं. पण शेवटच्या वळणावरून तीन जण एकदम वर येतात, नेमका त्याच वेळी कुणाचा तरी काका येऊन लिहिणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, ‘आमच्या बाळ्याचं किती झालं?’ आणि तीन क्रमांकांपैकी एक हवेत राहतो. मग व्हिडिओच कामाला येतो.

सेकंदापर्यंतची वेळ पुरते. दोघांची वेळ सारखी आली तर दोघंही त्या क्रमांकाचे मानकरी. वेळ आपोआप टिपणारी चिप लावायच्या भानगडीत पहिली काही वर्षं पडू नका. एकेकट्याने सुटणाऱ्या शर्यतीत हाताने धरलेली वेळ पुरेशी चोख असते.

खाली कसं उतरायचं

चढाच्या शर्यतीतला खरा धोका शर्यत संपल्यावर सुरू होतो, आणि बहुतेक मंडळं तो विसरतात. वर पोचलेली पोरं खुशीत असतात, पाय थरथरत असतात, आणि खालून अजून स्पर्धक येत असतात. अशात कुणी सुसाट खाली निघाला तर समोरासमोर गाठ पडते.

म्हणून नियम असा: शेवटचा स्पर्धक वर येईपर्यंत कुणीही खाली जायचं नाही. नाश्ता वरच ठेवा, म्हणजे लोक आपोआप थांबतात. नंतर पंधरा-वीसच्या गटाने, पुढे एक जीप ठेवून, तिला मागे न टाकता उतरायचं. साध्या सायकलींचे ब्रेक लांब उतारावर तापतात आणि कमी लागायला लागतात. अशा सायकली छोटा हत्तीत घालून खाली आणा. त्याचं भाडं हा तुमच्या खर्चातला सगळ्यात चांगला गेलेला पैसा.

रुग्णवाहिकेबद्दल: १०८ ची गाडी आणीबाणीसाठी आहे, ती तुमच्या शर्यतीला अडकवून ठेवता येत नाही. जवळच्या रुग्णालयाशी बोलून वेगळी गाडी उभी करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तारीख कळवून ठेवा. गाडी घाटाच्या मध्यावर, खालच्या अंगाला तोंड करून.

आणि फटाक्यांची माळ नको. घाटात कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर आणि आवाजाने ती उठली तर शर्यत राहते बाजूला. उद्घाटनाला हलगी वाजवा, तिने माणसं चेकाळतात, माश्या नाहीत.

दुसरं आणि तिसरं वर्ष: दर वर्षी एकच नवी गोष्ट

पहिलं वर्ष पार पडलं की उत्साह उतू जातो. महिला गट, मुलांचा गट, ज्येष्ठ, टी-शर्ट, ड्रोन, मेडल, सगळं पुढच्याच वर्षी हवं असतं. एका वर्षात एकच गोष्ट वाढवा, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

माझ्या मते दुसऱ्या वर्षी महिलांचा गट. बक्षीस पुरुषांइतकंच, आणि पुरुषांच्याच मांडवात, त्याच वेळी द्यायचं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. त्या जिल्ह्यात ‘मुली किती येणार?’ असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचीही गरज नाही. मुली येतात. त्यांना पहाटे आणायची-न्यायची सोय आणि खाली-वर दोन्हीकडे स्वच्छतागृह एवढं हवं असतं. गावातल्या शाळेची किल्ली आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

तिसऱ्या वर्षी साध्या सायकलींचा गट. याने स्पर्धेचा चेहरा बदलतो. गिअरच्या महागड्या सायकलींपुढे गावातला पोरगा नाव द्यायला लाजतो. त्याला त्याच्यासारख्यांत सोडलं की तो येतो, आणि त्याच्यामागे त्याची अख्खी आळी येते. टाळ्या सगळ्यात जास्त याच गटाला पडतात. लहान मुलांना घाटात सोडू नका. त्यांच्यासाठी वरच्या सपाटीवर दोनशे-तीनशे मीटरची वेगळी फेरी ठेवा आणि येईल त्याच्या हातात काहीतरी द्या. यात्रेच्या कुस्ती मैदानात बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, मोठ्या जोडीची वेळ दुपार कलल्यावर येते. तीच पोरं पुढे मैदान गाजवतात. शर्यतीचंही तसंच असतं.

बक्षीस

रोख रक्कम वाढवत नेणं हा वाढीचा सगळ्यात घातक मार्ग आहे. एका वर्षी मोठा आकडा लावला की बाहेरचे दोन-तीन पट्टीचे सायकलवाले येतात, पैसे घेऊन जातात, आणि पुढच्या वर्षी आकडा कमी झाला की फिरकत नाहीत. बेकरवाल्यांनी चिकटपट्टीचं रीळ मानाचं केलं. तुम्ही वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या जुन्या चकरीवर सोनेरी रंग मारून ढाल करून घ्या. त्यावर विजेत्याचं नाव आणि वेळ कोरा. सोबत माणदेशची घोंगडी, नाहीतर साताऱ्याचे कंदी पेढे. सांगलीकडे असाल तर तासगावचा बेदाणा आहेच. दहा वर्षांनी त्या चकरीला जी किंमत येते ती पाकिटाला येत नाही.

घाटाचा विक्रम वेगळा नोंदवत राहा. रस्ता तोच, रेघ तीच असेल तरच हे जमतं. म्हणून सुरुवात आणि शेवट कधीही हलवू नका, डांबरीकरण झालं तरी मैलाच्या दगडावरून मोजून परत आखा. लोक स्ट्राव्हा या मोबाइल ॲपवर वर्षभर त्याच चढाची वेळ मोजत बसतात. तुमची जाहिरात तेच करतात.

पैसा, पाहुणे, फलक

खर्चाचे दोन भाग करा. माणसं कितीही आली तरी लागणारा खर्च: रुग्णवाहिका, ध्वनिक्षेपक, जीप, छोटा हत्ती. आणि माणसागणिक वाढणारा: क्रमांकाचं कापड, नाश्ता, पाणी, मेडल. प्रवेश फीतून दुसरा भाग तरी पूर्ण निघाला पाहिजे. नाहीतर जितकी माणसं जास्त तितका तोटा जास्त, आणि हे मंडळांना पाचव्या वर्षी कळतं. ऐंशी जणांकडून दोनशे रुपये घेतले तर सोळा हजार होतात. माणशी खर्च अडीचशे असेल तर तुम्ही गर्दी वाढवून खड्डा खणताय. मेडल सगळ्यांना द्यायलाच हवं असं कुठे लिहिलंय?

पहिला भाग देणगीदारांकडून आणा. पतसंस्था, दूध संघ, सायकलचं दुकान, पेढेवाले. एक मोठा देणगीदार घेण्यापेक्षा सात-आठ छोटे घ्या. एकाने हात आखडला तरी शर्यत चालते. स्पर्धेचं नाव मात्र कुणाला विकू नका. ‘अमुक ट्रॅक्टर्स चषक’ असं पहिल्या वर्षी झालं आणि तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याने पाठ फिरवली, तर नव्या नावाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाव घाटाचं ठेवा. घाट कुठे जात नाही.

पाहुण्यांचा प्रश्न नाजूक आहे. उद्घाटनाला पाहुणे बोलावले की सातची शर्यत साडेआठला सुटते. ऊन वाढतं, दूधगाडी अडते, पोलीस वैतागतात. त्यामुळे झेंडा दाखवायला गावातल्या सगळ्यात वयस्कर सायकलवाल्याला बोलवा, ते पावणेसातला हजर असतात. पुढारी, अधिकारी, देणगीदार या सगळ्यांना बक्षीस समारंभाला मान द्या. फेटे, शाल, श्रीफळ जे करायचं ते तिथे करा. आणि एका पक्षाचे आले तर दुसऱ्या पक्षाच्यांनाही आमंत्रण गेलंच पाहिजे, ते येवोत न येवोत. फलकावर फोटो टाकायचे तर गेल्या वर्षीच्या विजेत्यांचे टाका. यावर मंडळात भांडण होईल. होऊ द्या, पण शर्यतीच्या सहा महिने आधी होऊ द्या.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमारास रोख हातात ठेवणं धोक्याचं होतं. संस्था नोंदवून घ्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. मग पॅन, बँकेचं खातं आणि दर वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. कटकट आहे, पण त्याशिवाय मोठी कंपनी चेक फाडत नाही आणि ‘वर्गणीचं काय केलंत?’ या प्रश्नाला कागद मिळत नाही.

तक्रारी

निकाल वरच एका फळ्यावर लावा आणि अर्धा तास तसाच ठेवा. तक्रार लेखी घ्या, तीन जणांची समिती व्हिडिओ बघून निर्णय देईल, आणि माईकवरून कुणीही वाद घालणार नाही. पंचाच्या निकालावरून मैदानात काय होतं हे आपल्याकडे कुस्ती पाहणाऱ्याला सांगायला नको. समितीत मंडळाबाहेरचा एक तरी माणूस हवा, शक्यतो शाळेचे पीटीचे सर. त्यांचा शब्द सगळे ऐकतात, कारण बहुतेकांनी त्यांचा मार खाल्लेला असतो.

पाचव्या वर्षानंतर: कुठे थांबायचं ते ठरवा

पाचव्या वर्षाकडे पुणे, कोल्हापूरहून अर्ज येऊ लागतात. इथेच बऱ्याच स्पर्धा मोडतात. म्हणून आकडा भावनेवर न सोडता घड्याळावर मांडा. रस्ता तुम्हाला सात ते नऊ मिळतो. शेवटच्या माणसाला वर यायला चाळीस मिनिटं लागतील असं धरा. म्हणजे शेवटचा आठ वीसला सुटला पाहिजे. सुटायला मिळाली ऐंशी मिनिटं, तीस सेकंदांना एक याप्रमाणे एकशे साठ जण. ही तुमच्या घाटाची मर्यादा. अर्ज जास्त आले की कुणीतरी सुचवतं, पंधरा सेकंदांनी सोडू. सोडू नका. अंतर कमी झालं की वळणावर ओव्हरटेक वाढतात, आणि रेघेवरचा लिहिणारा गडबडतो.

त्यापेक्षा निम्म्या जागा तालुक्यासाठी राखा आणि बाकीची नावं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून काढा. बेकरलाही मागणी जागांपेक्षा जास्त असते आणि नावं सोडतीनेच निघतात, त्याने तिची ओढ कमी झालेली नाही. ओळखीने घुसवणं बंद ठेवा. एकदा एकाला घेतलंत की पुढच्या वर्षी चाळीस फोन येतात.

बाहेरचे आदल्या रात्री मुक्कामाला येतात. लॉजची यादी द्या, पण वरच्या गावात चार घरांत सोय होत असेल तर ती आधी. बाहेरच्यांसोबत कचराही येतो. पाण्याच्या बाटल्या वाटू नका, जार आणि स्टीलचे पेले ठेवा. शर्यत संपल्यावर खालपासून वरपर्यंत एक फेरी फक्त कचरा वेचायला, आणि त्यात अध्यक्षही.

सगळ्यात दुर्मीळ असतात ती वळणावर उभी राहणारी माणसं. स्पर्धक वाढतात तसे ते वाढत नाहीत. जवळच्या कॉलेजची एनएसएस आणि एनसीसीची मुलं मागून घ्या, पण प्रत्येक वळणावर एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा. घड्याळापाशीही तसंच. वेळ लिहिणाऱ्याशेजारी दर वर्षी एक शिकाऊ बसवा. ज्या कामाला एकच माणूस येतो ते काम त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या तारखेवर अडकतं. स्वयंसेवकांना टी-शर्ट देण्याऐवजी आदल्या रात्री एकत्र जेवायला घाला, गरम पिठलं-भाकरी, आणि त्याच पंगतीत प्रत्येकाच्या हातात त्याच्या वळणाचा कागद द्या: उभं कुठे राहायचं, शिट्टी कधी वाजवायची, काही झालं तर फोन कुणाला.

रद्द करण्याचे नियमही आधीच लिहून ठेवा. सकाळी सहाला सुरुवातीच्या रेघेवरून पन्नास मीटरवरचा माणूस दिसला नाही तर अर्धा तास थांबायचं, साडेसहालाही दिसला नाही तर शर्यत नाही. फी परत की पुढच्या वर्षी जमा, हेही अर्जावर छापा. निर्णय एकाच माणसाचा, आणि तो माणूस देणगीदार नसावा.

दहाव्या वर्षाच्या आसपास

सुरू करणारे आता चाळिशीत असतात. मुलांच्या शाळा, दुकान, शेती, आणि माईक मात्र त्यांच्याच हातात. वळणावर दहा वर्षं उभ्या राहिलेल्या पोराला अध्यक्ष करा आणि जुन्यांनी एक वर्ष नाश्त्याचं काम बघा. पोह्यांच्या कढईपाशी उभं राहून शर्यत कशी दिसते ते त्यांनी बघायला हवंच.

त्या पोराच्या हातात काय द्यायचं? रस्त्याची वही, पोचेची फाइल, सगळ्या वर्षांचे निकाल, देणगीदारांची यादी आणि कुणाला किती वेळा नाही म्हणावं लागतं त्याची कल्पना. निकाल संपूर्ण जपा, शेवटच्या क्रमांकापर्यंत. एकशे अठ्ठावन्नाव्या आलेल्यालाही आठ वर्षांपूर्वीची आपली वेळ हवी असते, आणि तो ती मागायला येतो.

बक्षीस समारंभ संपायच्या आत पुढच्या वर्षीची तारीख माईकवरून सांगा. पंधरा दिवसांत जमाखर्च छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, शिल्लक असो वा तोटा. महिन्याभरात पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र, शाळा आणि वरच्या गावाला आभाराची पत्रं हाताने पोचवा. पत्र द्यायला जाल तेव्हाच पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख विचारून घ्या.